जुन्या फोनचं वय कोण ठरवतं?

जुना स्मार्टफोन ठेवावा की बदलावा, हा विषय घरात निघाला की बोलणं कॅमेऱ्यापासून सुरू होतं आणि एक्स्चेंजमध्ये किती पैसे सुटतील इथे येऊन थांबतं. मेगापिक्सेल, रॅम, स्टोरेज हे आकडे खोक्यावर छापलेले असतात, दुकानदार ते घडाघडा सांगतो, म्हणून फोनची पारख म्हणजे या आकड्यांची तुलना असं आपण धरून चालतो. हे आकडे खरे असतात, पण फोन जुना होतो तो त्यांच्यामुळे नव्हे. पाच वर्षांपूर्वी जो कॅमेरा लग्नाचे फोटो चांगले काढत होता, तो आजही तसेच काढतो. बदलतं ते वेगळंच. बॅटरीतलं रसायन थकतं; आणि फोनच्या मागे उभी असलेली माणसं, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर दुरुस्त करणारी, सुटे भाग पुरवणारी, त्याच्यासाठी ॲप चालू ठेवणारी, एकेक करून बाजूला होतात. बॅटरी बदलता येते. त्या माणसांना मात्र ग्राहक परत बोलावू शकत नाही. म्हणून जुन्या फोनचा हिशेब मांडताना पहिला प्रश्न ‘हा किती वेगवान आहे’ असा विचारण्यापेक्षा ‘याची देखभाल अजून कोण करतंय, आणि कधीपर्यंत करणार आहे’ असा विचारायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

हे मत तपासून पाहायला एकच फोन घेऊ: ॲपलचा आयफोन ६एस. तो सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झाला आणि १६ ऑक्टोबर २०१५ पासून भारतात विकला जाऊ लागला. १६ जीबीच्या सर्वांत साध्या मॉडेलची किंमत तेव्हा ६२,००० रुपये होती. पुढे २०१८ मध्ये बंगळूरूतल्या विस्ट्रॉनच्या कारखान्यात त्याची जुळणीही होऊ लागली. दहा वर्षांच्या आयुष्यात या फोनच्या वाट्याला जवळजवळ सगळं आलं आहे: बॅटरीचा जगभर गाजलेला वाद, दंड, माफी, दुरुस्त न होणारी एक त्रुटी, आणि तरीही फार थोड्या फोनांना लाभलेली दीर्घ देखभाल. या सगळ्याची नोंद सार्वजनिक आहे. त्यामुळे ऐकीव गोष्टींवर न विसंबता त्याच्याविषयी बोलता येतं.

आधी जमेची बाजू. ६एसमध्ये ए९ नावाची चिप आणि २ जीबी रॅम होती. आधीच्या आयफोन ६ च्या दुप्पट. आयफोनांत ४के व्हिडिओ काढणारा आणि १२ मेगापिक्सेल कॅमेरा असलेला हा पहिला. आयफोन ६ चं अंग खिशात वाकतं अशा तक्रारी २०१४ मध्ये झाल्या होत्या, म्हणून इथे अधिक कणखर ॲल्युमिनियम वापरलं गेलं. ४.७ इंचांचा पडदा, १४३ ग्रॅम वजन, एका हातात सहज मावणारा आकार, आणि इअरफोनची साधी गोल पिन लावायची जागा, जी पुढच्याच वर्षी आयफोन ७ मधून गेली. आपल्याकडच्या वापराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो ४जीवरून थेट कॉल लावू शकतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते फक्त ४जी घेऊन, आणि नंतरच्या वर्षांत इतरांची ३जी जाळी आवरती घेतली जाऊ लागली. ज्यांच्याकडे ४जीवरून कॉल न लावणारे फोन होते त्यांची त्या काळात पंचाईत झाली. ६एसवाल्यांची झाली नाही. फोन लावणं, निरोप पाठवणं, बातम्या वाचणं, नकाशावर रस्ता शोधणं, दिवसाउजेडी फोटो काढणं ही बहुसंख्य लोकांची रोजची कामं आहेत, आणि या कामांची भूक गेल्या दहा वर्षांत चिपांच्या ताकदीइतकी वाढलेली नाही. वरच्या वर्गातला जुना फोन इतकी वर्षं टिकून राहतो त्याचं कारण हेच.

उणी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. बॅटरी १७१५ एमएएच. आज दहा हजारांच्या आतबाहेरचे फोन ५००० एमएएचची बॅटरी घेऊन येतात. रात्रीच्या फोटोंसाठी वेगळी सोय नाही, हात हलला तर लेन्स सावरून घेणारी यंत्रणा नाही, पावसापाण्यापासून संरक्षणाची अधिकृत हमी नाही, स्पीकर एकच, ५जी नाही. सगळ्यांत जाचक उणीव साठवणुकीची: १६ जीबीतला मोठा भाग आयओएस ही आयफोनची कार्यप्रणालीच व्यापते, आणि सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी भरणारं व्हॉट्सॲप उरलेली जागा महिनाभरही पुरू देत नाही. सेकंड-हँड बाजारात १६ जीबीचा ६एस स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये असंच मी म्हणेन. ६४ किंवा १२८ जीबीचा असेल तर पुढे बोलता येईल. पण साठवणूक सोडली, तर या उणिवा पहिल्या दिवसापासून तिथे होत्या आणि त्या वाढलेल्या नाहीत. घेणाऱ्याला त्या पाच मिनिटांत कळतात, आणि आपल्याला त्या चालतील की नाही हे त्याचं त्याला ठरवता येतं. खरी अडचण पुढच्या दोन गोष्टींत आहे, ज्या दुकानात उभं राहून दिसत नाहीत.

त्यातली पहिली बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, आणि फोन वापरताना तिथून परत निघतात. या येण्याजाण्यात ग्रॅफाइटवर एक पातळ थर साचत जातो. तो थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो, त्यामुळे बॅटरीची क्षमता घटते. शिवाय तिचा अंतर्गत रोधही वाढतो. आपण क्षमतेविषयी बोलतो, पण फोनच्या दृष्टीने रोध अधिक घातक असतो. कॅमेरा उघडताना किंवा एखादं जड ॲप सुरू होताना चिप अचानक जास्त विद्युतप्रवाह मागते; रोध वाढलेल्या बॅटरीचा दाब त्या क्षणी कोसळतो, आणि पडद्यावर ३० टक्के दिसत असताना फोन बंद पडतो. या पिढीच्या आयफोनांच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहतील अशा बेताने बनवल्या आहेत, असं ॲपलच सांगतं. रोज चार्ज करणाऱ्याच्या हातात हा आकडा दीड-दोन वर्षांत गाठला जातो. भोवतालचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं तर क्षमतेची हानी कायमची होऊ शकते, असाही कंपनीचा इशारा आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तिथे मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनचं काय होत असेल हे वेगळं सांगायला नको.

६एसची कहाणी इथेच वळण घेते. नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲपलने मान्य केलं की सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये बनलेले काही ६एस अचानक बंद पडत आहेत, आणि त्यांची बॅटरी मोफत बदलून द्यायला सुरुवात केली. पण बंद पडण्याच्या तक्रारी त्या ठरावीक फोनांपुरत्या नव्हत्या. जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ आलं आणि तक्रारी कमी झाल्या. त्या सुधारणेत नेमकं काय केलं होतं ते जवळजवळ वर्षभराने बाहेर आलं: बॅटरी थकलेली आढळली की चिपचा कमाल वेग खाली ओढला जात होता, म्हणजे ती एकदम जास्त प्रवाह मागणारच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गीकबेंच ही चाचणी बनवणाऱ्या जॉन पूल यांनी वेगवेगळ्या आयओएस आवृत्त्यांवरच्या फोनांचे वेग एकत्र मांडले, तेव्हा आलेखात हे स्पष्ट दिसलं. महिना संपण्याआधीच कंपनीने जाहीर माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला, आणि मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ मधून बॅटरीची तब्येत दाखवणारं पान सेटिंग्जमध्ये दिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने, सुधारणेमुळे फोन संथ होऊ शकतो हे ग्राहकांना सांगितलं नाही म्हणून, अडीच कोटी युरोंचा दंड केला.

या प्रकरणातून अनेकांनी एक निष्कर्ष काढला आणि तो आजही ऐकू येतो: अपडेट म्हणजे कंपनीने जुना फोन मारण्यासाठी केलेली युक्ती, सबब अपडेट करूच नये. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. लोकांना न सांगता त्यांच्या वस्तूचा वेग कमी केला गेला, हे घडलेलं आहे आणि ते गैरच होतं. पण घटनांचा क्रम नीट पाहिला तर निष्कर्ष दुसराच निघतो. फोन बंद पडू नये यासाठी वेग कमी करणं हा तांत्रिकदृष्ट्या समजण्याजोगा उपाय होता. चूक झाली ती लपवण्यात. फोन संथ झाला म्हणून हजारो रुपयांचा नवा फोन घेणाऱ्या माणसाला नवी बॅटरी पुरेशी आहे हे माहीतच नव्हतं. ते कळल्यावर आणि दर उतरल्यावर इतक्या लोकांनी बॅटऱ्या बदलल्या, की आयफोनची विक्री का घसरली हे जानेवारी २०१९ मध्ये गुंतवणूकदारांना लिहिताना कंपनीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी टिम कुक यांनी स्वस्तात बदललेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख केला. जुना फोन किती काळ चालवता येतो, याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही. शिवाय अपडेट नेहमी वेग घटवतंच असंही नाही. २०१८ च्या आयओएस १२ मध्ये जुन्या फोनांवर काम जलद व्हावं यावरच मुख्य भर होता.

आता दुसरी न दिसणारी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: सुरक्षेच्या दुरुस्त्या. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये कोट्यवधी ओळींचा कोड असतो आणि त्यात चुका असतातच. त्या कुणाला तरी सापडतात. सापडणारा प्रामाणिक असेल तर कंपनीला कळवतो, नसेल तर विकतो किंवा वापरतो. २०२३ च्या सप्टेंबरात टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने असा एक हल्ला उघडकीस आणला. पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये घुसवण्यासाठी नुसतं एक खास बनवलेलं चित्र पाठवलं जात होतं. समोरच्याने काही उघडण्याचीही गरज नव्हती. नव्या आयफोनांना दुरुस्ती लगेच मिळाली, आणि चारच दिवसांत, ११ सप्टेंबरला, आयओएस १५.७.९ या रूपाने ती ६एसलाही मिळाली. २०२२ मध्ये आयओएस १६ आलं तेव्हाच ६एस नव्या आवृत्त्यांच्या यादीतून बाहेर पडला होता, तरीही. अशीच, चित्रं हाताळणाऱ्या भागातली दुसरी एक गंभीर त्रुटी २०२५ मध्ये सापडली, तेव्हा सप्टेंबरात आयओएस १५.८.५ आलं. फोन बाजारात येऊन तोवर दहा वर्षं होत आली होती.

याच्या शेजारी त्याच वर्षाचे इतर फोन ठेवून पाहा. सॅमसंगचा गॅलेक्सी एस६ २०१५ च्या एप्रिलमध्ये आला; पडदा आणि कॅमेरा दोन्हींत तो ६एसच्या तोडीचा, काही बाबतींत सरसच. अँड्रॉइड ५ पासून निघून तो अँड्रॉइड ७ वर थांबला. खुद्द गूगलचा नेक्सस ५एक्स ६एसनंतर काही दिवसांनीच जाहीर झाला, आणि २०१८ च्या अखेरीस त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या संपल्या. हे फोन बनावटीने कमी होते म्हणून असं झालं का? मुळीच नाही. अँड्रॉइडच्या जगात दुरुस्तीला लांबचा प्रवास करावा लागतो: गूगल ती बनवतं, चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपसाठी तिला जुळवते, मग फोन बनवणारा आपल्या मॉडेलसाठी. मधल्या एकाने हात काढून घेतला की पुढचं सगळं थांबतं. नेदरलँड्सच्या फेअरफोन या छोट्या कंपनीने हे खोटं पाडून दाखवलं. २०१५ च्या डिसेंबरात ग्राहकांच्या हाती जाऊ लागलेल्या फेअरफोन २ च्या चिपला चिप कंपनीने अँड्रॉइड ६ च्या पुढे साथ दिली नाही. तरी फेअरफोनने स्वयंसेवी प्रोग्रामरांच्या मोकळ्या कोडचा आधार घेऊन तो अँड्रॉइड १० पर्यंत नेला आणि मार्च २०२३ पर्यंत सांभाळला. लहानशा कंपनीला जे सात वर्षं जमलं, ते मोठ्यांना तीन वर्षांच्या पुढे जमत नव्हतं असं म्हणणं मला पटत नाही. त्यांना ते करायचं नव्हतं.

अर्थात ॲपलच्या बाजूनेही सगळं गोड नाही. आयफोनवर सफारी या ब्राउझरचा गाभा आयओएसबरोबरच येतो, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनांवर इतर ब्राउझरांनाही तोच गाभा वापरावा लागतो. म्हणजे आयओएस थांबलं की ब्राउझरही थांबला. अँड्रॉइडवर क्रोम स्वतंत्रपणे अद्ययावत होत राहतं, त्यामुळे देखभाल संपलेल्या अँड्रॉइड फोनलाही काही काळ थोडं कवच मिळतं. अर्थात २०२३ च्या अखेरीस क्रोमने अँड्रॉइड ७ ला सोडलं आणि गॅलेक्सी एस६ चं तेही गेलं. ॲप्सचंही असंच. मे २०२५ पासून व्हॉट्सॲपला किमान आयओएस १५.१ लागतं, म्हणून आयफोन ६ वरचं व्हॉट्सॲप बंद झालं आणि ६एसवरचं चालू राहिलं. दोन्ही फोन दिसायला जवळपास सारखे, फरक एका वर्षाचा. पण ६एसच्याही खालची जमीन सरकते आहे. एकेक ॲप आपली किमान अट आयओएस १६ किंवा त्याच्या वर नेत आहे. बसवलेलं ॲप काही दिवस चालतं, मग एके सकाळी ‘नवी आवृत्ती घ्या’ म्हणून अडून बसतं, आणि नवी आवृत्ती या फोनसाठी नसतेच. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲप्सबाबत हे विशेष त्रासाचं आहे.

आणि ६एसमध्ये एक त्रुटी अशी आहे जी कुणीच दुरुस्त करू शकत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये एका संशोधकाने ‘चेकमेट’ या नावाने ओळखली जाणारी त्रुटी जाहीर केली. फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा कोड चिपमध्येच कायमचा कोरलेला असतो. चूक तिथे आहे, त्यामुळे अपडेट तिथवर पोचत नाही. आयफोन ४एसपासून आयफोन एक्सपर्यंतचे सगळे फोन या कक्षेत येतात. घाबरून जाण्याआधी तिची मर्यादाही समजून घ्यायला हवी: हल्लेखोराच्या हातात फोन असावा लागतो, तो केबलने जोडावा लागतो, आणि फोन पुन्हा सुरू केला की हल्ला पुसला जातो. पासकोडमागची माहिती यामुळे आपोआप उघडी पडत नाही. सामान्य माणसाला यातून एवढंच घ्यायचं आहे की अशा फोनवर चार आकडी पासकोड ठेवू नये आणि फोन अनोळखी हातात सोडू नये. पत्रकार, वकील किंवा ज्याच्यावर कुणाची पाळत असू शकते अशा माणसाने मात्र तो वापरूच नये.

आता सर्वांत व्यवहारी आक्षेप. दहा-बारा हजारांत नवा अँड्रॉइड फोन मिळतो. मोठी बॅटरी, मोठा पडदा, ५जी, वर्षाची वॉरंटी. मग जुन्याचा एवढा विचार कशाला? बऱ्याच लोकांसाठी हा आक्षेप बरोबर आहे, आणि ज्याच्या फोनची देखभाल संपली आहे त्याने नवा स्वस्त फोन घेणं शहाणपणाचंच ठरेल. पण ‘नवा’ या एका गोष्टीने प्रश्न सुटत नाही, कारण स्वस्त फोनांचीच देखभाल सर्वांत लवकर संपत आली आहे. दोन वर्षांनी दुरुस्त्या थांबणारा आजचा फोन आणि चार वर्षं दुरुस्त्या शिल्लक असलेला तीन वर्षांपूर्वीचा वरच्या वर्गातला फोन यांत खरा जुना कोणता? गूगलने ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलं आहे. ही सात वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल निम्म्या किमतीत घेताना आयुष्यातली दोन वर्षं आधीच खर्च झालेली असतात. तो सौदा वाईट नसतो, पण हिशेब त्या उरलेल्या वर्षांवर मांडावा लागतो.

कंपन्यांनी अनंतकाळ जुने फोन सांभाळावेत अशी मागणी कुणी करत नाही. प्रत्येक मॉडेलसाठी चाचण्या घ्याव्या लागतात, माणसं ठेवावी लागतात, त्याला खर्च येतो. मागणी एवढीच आहे की मुदत आधी सांगा. औषधाच्या पट्टीवर ती छापलेली असते आणि ती वाचून आपण औषध घेतो. फोनच्या खोक्यावर मात्र कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना असतो, दुरुस्त्या कधी थांबणार हे नसतं. हे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तू विकणाऱ्यांना सुरक्षा दुरुस्त्यांची किमान मुदत जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून याच्या पुढचं पाऊल टाकलं: मॉडेल बाजारात आणणं थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं सॉफ्टवेअरच्या सुधारणा, सात वर्षं सुटे भाग, आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता टिकवणारी बॅटरी. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, आणि मे २०२५ मध्ये एका समितीने दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक सुचवला. त्या निर्देशांकात सॉफ्टवेअरच्या मुदतीला मोठं वजन मिळावं, असं मला मनापासून वाटतं. स्क्रू उघडता आला तरी दुरुस्ती येत नसेल, तर तो फोन दुरुस्त करता येतो असं म्हणता येणार नाही.

स्क्रू उघडता येणंही तितकंच मोलाचं आहे, आणि याबाबत आपण नशीबवान आहोत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत आणि तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळच्या टपरीतही फोनची बॅटरी बदलून देणारे कारागीर आहेत. उपकरणं खोलून त्यांना दुरुस्तीचे गुण देणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने ६एसला १० पैकी ७ गुण दिले होते: पडदा आधी निघतो, बॅटरी ओढून काढायच्या पट्ट्यांनी चिकटवलेली असते. २०१८ नंतरच्या आयफोनांत बाहेरची बॅटरी बसवली की पडद्यावर इशारा येतो. ६एसमध्ये तसं होत नाही. पण बोटाचा ठसा वाचणारं बटण मुख्य बोर्डाशी बांधलेलं आहे. २०१६ च्या सुरुवातीला बाहेर बटण बदलून घेतलेले आयफोन अपडेटनंतर ‘एरर ५३’ दाखवून ठप्प झाले होते. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली, तरी ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये याबद्दल ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. म्हणून कारागिराला फोन देताना ते बटण मूळचंच ठेवायला सांगावं, आणि बॅटरी कुठल्या दर्जाची आहे हे विचारून घ्यावं. दुय्यम बॅटरी फुगली तर पडदा उचलते.

या काळजीमागे पैशांपलीकडचंही एक कारण आहे. स्मार्टफोनच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनाचा सुमारे चार-पंचमांश भाग तो बनवतानाच होतो, असं ॲपलच्याच पर्यावरण अहवालांतून दिसतं. चार्जिंगच्या विजेचा वाटा फार लहान. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. एक फोन दोन वर्षं जास्त चालला तर तेवढ्या काळात दुसरा बनवावा लागत नाही. पुनर्वापराच्या कुठल्याही योजनेपेक्षा हा फायदा थेट आहे.

पण जुना फोन टिकवणं आणि तो कुणाच्या तरी गळ्यात घालणं यांत फरक केला पाहिजे. आपल्याकडे मुलगा नवा फोन घेतो आणि जुना आई-वडिलांकडे जातो, किंवा शाळकरी मुलाकडे. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी कपाटातले कितीतरी फोन असेच बाहेर निघाले आणि त्यांनी वेळ निभावून नेली. मात्र यातून घरातल्या ज्या माणसाला खोटे कॉल, बनावट लिंक आणि फसवे निरोप ओळखणं सर्वांत अवघड जातं, त्याच्याच हाती सर्वांत कमी संरक्षण असलेला फोन जातो. तो देण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटची सुरक्षा दुरुस्ती कोणत्या तारखेची आहे ते पाहावं. अँड्रॉइडवर ही तारीख थेट लिहिलेली असते, आयफोनवर आवृत्तीच्या क्रमांकावरून शोधता येते. तारीख वर्षाहून जुनी असेल, तर त्या फोनवर गाणी, रेडिओ, व्हिडिओ कॉल खुशाल ठेवावेत, पण बँक ठेवू नये. दुरुस्त्या अजून येत असतील, ६एससारख्या अधूनमधून का होईना, तर नवी बॅटरी घालून, सगळं पुसून, सहा आकडी पासकोड लावून तो द्यावा. आणि यूपीआयला पेन्शन किंवा ठेवींचं खातं जोडण्याऐवजी किराणा-भाजीपुरती रक्कम असलेलं वेगळं बचत खातं जोडून द्यावं, ज्यात महिन्याला लागतील तेवढेच पैसे घरचं कुणीतरी टाकत राहील.